कानात सतत 'कुंई' वाजतं आणि थांबतच नाही... टिनिटस म्हणजे काय आणि त्याचा त्रास कमी कसा करता येतो?

कुणी हाक मारलेली नसताना एखादा 'ओ' देत आला, की आपण सहज म्हणतो, 'तुझे कान वाजतात.' ही झाली चेष्टा. पण काही लोकांचे कान खरोखरच वाजतात आणि तेही दिवसरात्र. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची न थांबणारी शिट्टी, कुणाला जुन्या टीव्हीतून यायचा तसा बारीक 'कुंई' आवाज. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच ऐकू येत नाही.

वैद्यकीय भाषेत याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात त्यासाठी 'कर्णनाद' असा शब्द आहे आणि सुश्रुतसंहितेत कानाच्या रोगांमध्ये त्याचा उल्लेख येतो. म्हणजे हा त्रास इअरफोनच्या जमान्यात जन्माला आलेला नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर अनेकांना एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'यावर औषध नाही, सवय करून घ्या.' हे वाक्य अर्धं खरं आहे. आवाज पूर्णपणे बंद करणारी गोळी आजही उपलब्ध नाही. पण त्या आवाजाचा त्रास कमी करणारे उपाय आहेत, त्यांचा अभ्यास झालेला आहे आणि ते भारतातही मिळतात. 'सवय करून घ्या' म्हणताना ती सवय कशी करायची, हेच नेमकं सांगायचं राहून जातं.

किती लोकांना हा त्रास आहे?

२०२२ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण १४ टक्के प्रौढांना टिनिटसचा अनुभव येतो. ही संख्या ७४ कोटींहून जास्त होते. त्यातल्या १२ कोटींहून अधिक लोकांसाठी तो आयुष्यातला मोठा प्रश्न ठरतो. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं, पण तरुणांनाही टिनिटस होतो.

संगीतकार बीथोवनने पूर्ण बहिरेपण येण्याआधी कानात दिवसरात्र होणाऱ्या आवाजाबद्दल आपल्या डॉक्टर मित्राला पत्रात लिहिलं होतं. 'कोल्डप्ले'चा गायक ख्रिस मार्टिन यालाही टिनिटस आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्याला पाहायला तुफान गर्दी झाली होती. कानांची काळजी घ्यायला लागल्यापासून आपला त्रास वाढलेला नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे.

बाहेर आवाज नाही, मग ऐकू कुठून येतो?

आतल्या कानात शंखासारखा दिसणारा एक भाग असतो. त्यात साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरींचं विजेच्या संदेशात रूपांतर करून ते नसेमार्फत मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. मोठा आवाज, वाढतं वय किंवा काही औषधं यामुळे या पेशी मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

पेशी कमी झाल्या की मेंदूकडे येणारे संदेश कमी होतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. मेंदू साधारण तसंच करतो. कमी झालेला संदेश भरून काढायला तो आपली संवेदनशीलता वाढवतो आणि मग मेंदूतल्या पेशींची स्वतःची हालचालच 'आवाज' म्हणून जाणवू लागते.

म्हणूनच टिनिटस कानात वाटला, तरी तो टिकून राहण्यात मेंदूचा मोठा वाटा असतो. काही रुग्णांची श्रवण नस दुसऱ्या कारणासाठी शस्त्रक्रियेत कापावी लागली, तरीही त्यांच्यापैकी अनेकांचा आवाज थांबला नाही. 'माझी नसच कापून टाका' असं वैतागून म्हणणाऱ्यांना डॉक्टर नकार देतात, त्यामागे हे कारण आहे.

१९५३ मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. ऐकू येण्याची कसलीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी आपल्याला काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. म्हणजे पूर्ण शांततेत बहुतेकांचे कान थोडेफार वाजतातच.

आवाज तोच, मग एकाची झोप का उडते?

दवाखान्यात टिनिटसचा आवाज मोजता येतो. यंत्रातून वेगवेगळे आवाज ऐकवून रुग्णाला 'तुमचा आवाज यातला कोणता आणि किती मोठा' असं विचारलं जातं. अशा मोजणीत बहुतेकांचा टिनिटस त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा काही डेसिबलनेच मोठा निघतो. विशेष म्हणजे आवाज किती मोठा आहे आणि त्रास किती होतो, या दोन गोष्टी एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. मोठा आवाज असलेला माणूस निवांत झोपतो आणि बारीक आवाज असलेला रात्रभर तळमळतो, असंही दिसतं.

रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना विचारून पाहा. गावाहून आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री डोळा लागत नाही, घरच्यांना मात्र लोकल गेल्याचंही कळत नाही. गाडीचा आवाज दोघांच्या कानांवर सारखाच पडतो. घरच्यांच्या मेंदूने 'यात धोका नाही' असं कधीच ठरवून टाकलेलं असतं.

टिनिटसच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. आवाज नवा असतो, आतून येतो, थांबवता येत नाही. मेंदू त्याला धोक्याची घंटा समजतो. भीती वाटली की लक्ष त्याच्याकडेच जातं. लक्ष गेलं की तो जास्त जाणवतो. जास्त जाणवला की भीती वाढते. त्यात झोप मोडली की सहनशक्ती आणखी कमी होते. १९९० मध्ये पावेल जास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने टिनिटसच्या त्रासात मेंदूतल्या भावना आणि भीतीशी संबंधित भागांचा वाटा मांडला. पुढे उपचारांची दिशा त्यातून बदलली. आवाज बंद होत नसला, तरी हे चक्र तोडता येतं.

आधी डॉक्टरांकडे कधी जायचं?

टिनिटस हे लक्षण आहे. त्यामागे कधी अगदी साधं कारण असतं. कानात साचलेला मळ, जंतुसंसर्ग किंवा पडद्यामागे साठलेलं पाणी यांवर उपचार झाले की आवाज जाऊ शकतो. जबड्याच्या सांध्याचं दुखणं, दात खाण्याची सवय, मानेचे आखडलेले स्नायू यांमुळेही तो वाढू शकतो. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनीन, जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि कर्करोगावरचं सिस्प्लाटिन यांचा कानांवर परिणाम होऊ शकतो. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांच्याशी आधी बोला.

पुढची लक्षणं असतील तर थांबू नका:

• एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं. ही कानाची तातडीची स्थिती आहे. पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइडचे उपचार सुरू झाले तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता जास्त असते. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासं झाल्याचं सांगितलं, तेव्हा अशा बहिरेपणाची देशभर चर्चा झाली होती.

• आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर 'धप् धप्' असा येतो. रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागू शकते.

• आवाज फक्त एकाच कानात आहे आणि त्या कानाने ऐकूही कमी येतं. श्रवण नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला जातो. बहुतेक वेळा गाठ निघत नाही, पण खात्री करावी लागते.

• सोबत चक्कर, तोंड वाकडं होणं, कानातून पू किंवा रक्त येणं, डोक्याला मार लागणं.

• 'हे सहन होत नाही, जगायला नको' असे विचार येणं. हेही तितकंच तातडीचं लक्षण आहे. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जवळच्या माणसालाही लगेच सांगा.

तपासणीत काय होतं?

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी कान आतून पाहतात. मग ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची चाचणी घेतात. अनेकांना आपल्याला ऐकू कमी येतं हे याच चाचणीत पहिल्यांदा कळतं. त्रास किती आहे हे मोजण्यासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते १०० असतात. ५८ च्या पुढचे गुण गंभीर त्रास दाखवतात. उपचारांनी फरक पडतोय का, हे काही महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून कळतं.

मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था ऐकण्याच्या तपासण्या आणि श्रवणयंत्रांचं काम करते. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या सरकारी रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग असतो.

कशाचा उपयोग होतो?

१. श्रवणयंत्र: टिनिटससोबत ऐकू कमी येत असेल तर पहिला विचार याचा करायचा. बाहेरचे आवाज पुन्हा नीट पोहोचू लागले की मेंदूला स्वतःहून 'आवाज वाढवण्याची' गरज कमी पडते. शिवाय लोकांचं बोलणं ऐकण्यासाठी करावी लागणारी धडपड थांबते आणि त्यातला थकवा वाचतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही याची शिफारस आहे.

२. आवाजाची साथ: शांततेत टिनिटस जास्त जाणवतो, म्हणून शांतता टाळायची. पंखा, कूलर, हळू आवाजातला रेडिओ, मोबाइलवरचा पावसाचा किंवा समुद्राचा आवाज यातलं काहीही चालतं. हा आवाज टिनिटसपेक्षा किंचित लहान ठेवायचा. टिनिटस पूर्ण बुडवून टाकला तर मेंदूला त्याची सवय होण्याची संधीच मिळत नाही. दोन्ही आवाज एकत्र ऐकू यायला हवेत. रात्री इअरफोन घालून मोठ्याने गाणी लावणं हा उपाय नाही, त्याने नुकसान वाढतं.

३. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी: याला थोडक्यात सीबीटी म्हणतात. टिनिटसचा त्रास कमी करण्यासाठी सर्वांत जास्त पुरावा असलेल्या उपचारांपैकी हा एक आहे. २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने २८ अभ्यासांतल्या २,७३३ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला. सीबीटीमुळे टिनिटसचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

सीबीटी म्हणजे 'सगळं तुमच्या मनात आहे' असं सांगणं नव्हे. आवाज खराच आहे, हे मान्य करूनच ती सुरू होते. 'हा आवाज मला वेडा करणार', 'आता मला कधीच झोप लागणार नाही' असे विचार मनात आपोआप येतात. ते कितपत खरे आहेत, हे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबर तपासून पाहिलं जातं. काल रात्री थोडी का होईना झोप लागली होती का? कामात गुंतल्यावर काही मिनिटं आवाज विसरला होता का? टिनिटसमुळे सोडून दिलेल्या गोष्टी, म्हणजे देवळात जाणं, मित्रांना भेटणं, पुस्तक वाचणं, पुन्हा थोड्या थोड्या सुरू केल्या जातात.

४. झोप: गंभीर टिनिटसमध्ये पहिलं लक्ष इथे द्यावं लागतं. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दुपारची लांब झोप टाळायची. अंथरुणावर पडून बराच वेळ झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करायचं आणि झोप आली की परत आडवं व्हायचं. घड्याळ बघत पडून राहिलं की मन पुन्हा आवाजावरच जातं.

५. चिंता आणि नैराश्यावर उपचार: अशा गोळ्या टिनिटस घालवण्यासाठी सरसकट देत नाहीत. पण टिनिटससोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर त्यावर रीतसर उपचार घेतल्याने एकूण त्रास हलका होतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले, असा अर्थ काढू नका.

अलीकडे काही नवी यंत्रंही आली आहेत. कानात आवाज ऐकवताना जिभेला सौम्य विद्युतस्पंदनं देणाऱ्या 'लेनायर' या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये मान्यता दिली. त्याचाही उद्देश त्रास कमी करणं हाच आहे.

कशावर पैसे घालवू नयेत?

'सात दिवसांत कानाचा आवाज बंद' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर पुढे सरका. जिंको बिलोबा, मेलाटोनिन, झिंक यांसारखी पूरकं टिनिटससाठी घेऊ नयेत, असं २०१४ च्या त्याच सूचना सांगतात. आपल्याकडे टिनिटससाठी बीटाहिस्टीन ही गोळी सर्रास लिहून दिली जाते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२० मध्ये फक्त टिनिटससाठी ती देऊ नये असं स्पष्ट केलं. चक्कर येणाऱ्या मेनिएर आजाराची गोष्ट वेगळी आहे, तिथे डॉक्टरांचा सल्ला चालेल.

कानात गरम तेल घालणं, कानात मेणबत्ती लावणं, रस्त्यावर बसलेल्याकडून सळईने मळ काढून घेणं हे प्रकार धोक्याचे आहेत. पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. चहा-कॉफी बंद केल्याने टिनिटस कमी होतो, याला ठोस पुरावा नाही. संध्याकाळनंतरच्या चहाने झोप उडत असेल तर तेवढा टाळा.

घरच्यांनी काय करायचं?

दिसत नसलेल्या दुखण्यावर लोकांचा विश्वास चटकन बसत नाही. 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला घरोघरी दिला जातो, पण लक्ष देऊ नकोस म्हटलं की लक्ष तिकडेच जातं. त्यापेक्षा 'चल, भाजी आणायला जाऊ' म्हणणं जास्त उपयोगाचं. 'आज आवाज कसा आहे?' असं रोज विचारू नका, त्याने दिवसभर आवाज मोजत राहण्याची सवय लागते. 'झोप लागली का?', 'जेवलास का?' असं विचारा. बोलताना समोर येऊन, थोडं सावकाश बोला. रात्री त्यांना पंखा सुरू हवा असेल तर तो बंद करू नका.

कान वाचवायचे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मुदत फक्त ४ तासांवर येते. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर या आकड्यांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

ढोल-ताशा पथकात वाजवत असाल, कारखान्यात यंत्रांजवळ काम करत असाल किंवा लग्नात डीजे लावत असाल, तर इअरप्लग वापरा. मिरवणुकीनंतर कान बंद झाल्यासारखे वाटले आणि 'कुंई' सुरू झाली, तर ती धोक्याची सूचना आहे. दुसऱ्या दिवशी ती थांबली, तरी पुन्हा तसंच केल्यावर थांबेलच असं नाही. मात्र आधीच टिनिटस असलेल्यांनी दिवसभर कानात बोळे घालून बसू नये. त्याने शांतता वाढते, टिनिटस जास्त जाणवतो आणि रोजचे साधे आवाजही खुपायला लागतात.

किती दिवसांत बरं वाटतं?

सुरुवातीचे काही महिने बहुतेकांना सर्वांत जड जातात. नंतर बऱ्याच लोकांचा त्रास हळूहळू कमी होतो, पण ही वाट सरळ नसते. चार दिवस बरे जातात आणि सर्दी, जागरण किंवा ताणामुळे पाचव्या दिवशी आवाज पुन्हा वर येतो. तो दिवस म्हणजे सगळं वाया गेलं, असं नसतं.

सुधारणा मोजायची तर आवाज किती कमी झाला हे बघत बसू नका. दिवसातून किती वेळ तो आठवला नाही, रात्री किती लवकर डोळा लागला, मागच्या महिन्यात टाळलेलं कोणतं काम या महिन्यात केलं, हे बघा. त्यासाठी तीन कामं या आठवड्यातच करता येतात: कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेणं, ऐकण्याची चाचणी करून घेणं आणि आज रात्री खोलीत हळू आवाजात काहीतरी सुरू ठेवून झोपणं.